किन्यण्णांना कोणी विचारलं?

मागच्या मंगळवारी घराण्याच्या दैवाला, म्हणजे राखणदाराला, पान वाढताना किन्यण्णा रायांनी अख्खं गाऱ्हाणं एका दमात म्हटलं, आणि त्या दिवसापासून कोडंगे घराण्याच्या आनंदाला नुसता ऊत आला. अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने ज्यांच्या तोंडून 'हो' पलीकडे धड शब्द निघाला नव्हता, ते किन्यण्णा दैवाच्या झोपाळ्यासमोर उभे राहिले, डावा हात छातीशी धरला आणि सात पिढ्यांची नावं, सीमेवरच्या दैवांची नावं, 'लेकरांचं चुकलंमाकलं पोटात घाल' इथपर्यंत कुठेही न अडखळता म्हणून गेले. त्यांची थोरली बहीण सीतक्का, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिथेच भुईवर बसून हमसाहमशी रडली. संध्याकाळच्या आत हुबळीला, कुवेतला, बंगळूरला फोन गेले, की किन्यण्णाला वाचा आली, दैवानंच दिली.

जलजाक्षीही रडली होती. नवरा होता तिचा, तिला रडू येणारच. पण पान आटोपल्यावर तिनं मागच्या पडवीत त्यांना बसवलं आणि विचारलं, "चहा घेणार की पेज?" किन्यण्णा म्हणाले, "हो." तिनं पुन्हा विचारलं, तर पुन्हा "हो." तेव्हा तिनं डोळे पुसले, चहा आणि पेज दोन्ही आणून समोर ठेवलं, आणि घरात चाललेल्या आनंदावर एका शब्दानं पाणी टाकलं नाही.

आता रविवार उजाडला होता आणि नेमाला, दैवाच्या वर्षाच्या उत्सवाला, बावीस दिवस राहिले होते. नेमाच्या दिवशी दैव अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून गादीवरच्या माणसाला हाक मारतं, त्यानं पुढे होऊन ओ द्यायची असते. मग गाव आपली भांडणं दैवासमोर मांडतं, आणि गादीवरच्या माणसानं मधे उभं राहून दोन्ही बाजूंचं ऐकून शब्द टाकायचा असतो. तो शब्द गाव वर्षभर मानतं. कोडंग्यांची गादी मिळाली की सोन्याची अंगठी बोटात येते, आणि ती माणूस मेल्यावर तरी उतरते, नाहीतर त्यानं जिवंतपणी स्वतःच्या राजीखुशीनं उतरवली तर. कुणी दुसऱ्यानं काढून घेण्याची सोय नाही. तेव्हा यंदा गादीवर कोण, हे ठरवायला सगळे घराच्या चावडीत, म्हणजे पुढच्या मोठ्या दालनात, जमले होते. म्हणजे खरं तर ठरलेलंच होतं, नुसती सुपारी फोडायची बाकी होती.

जलजाक्षी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. चावडीत बसायला तिला कुणी मनाई केली नसती, पण बसायची तिला सवयच नव्हती. या घराण्यांत घर बहिणींचं. गादीवर भाऊ बसतो, त्याच्या मागून धाकटा भाऊ नाहीतर भाचा. बायको येते ती नवऱ्याच्या सोबतीला. तिची मुलं तिच्या माहेरची, तिची जमीन तिच्या माहेरी. जलजाक्षीचं घर नदीपलीकडे होतं, पाच खोल्या, पंधरा माड, मुलगी तिथेच राहायची. चाळीस वर्षं ती इथे राहिली, इथल्या पंक्ती वाढल्या, इथल्या म्हशी दोहल्या, पण गादीबद्दल तोंड उघडायचा हक्क तिला नव्हता आणि तिनं तो कधी मागितलाही नव्हता.

"नेमाच्या पंक्तीला कोरी रोट्टी करायची, तर कोंबड्या किती लागतील?" भोजण्णानं बसल्या बसल्या विचारलं. हा किन्यण्णांचा धाकटा भाऊ. हुबळीला हॉटेल, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. "चारशे पानं धरा. पाहुण्यांना यंदा सांगायचं की अण्णा स्वतः ओ देणार आहे. बघा, पाचशे होतील."

"मामाला इतका वेळ उभं राहवेल का?" महाबल म्हणाला. महाबल सीतक्काचा मुलगा. पंचेचाळिशीचा, अबोल, सुपारीच्या बागेत दिवसभर राबणारा. आठ महिने किन्यण्णांना आंघोळ त्यानंच घातली होती.

"राहवेल! विहिरीपर्यंत चालत जातो की नाही? काय रे अण्णा?"

"हो," किन्यण्णा म्हणाले. गादीवर ते ताठ बसले होते, पांढरी लुंगी, खांद्यावर जरीकाठी शाल. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता आणि त्याच्या सुजलेल्या बोटात अंगठी रुतली होती.

"डॉक्टरीणबाई येऊ देत," सीतक्का म्हणाली. "तिचा शब्द घेऊ आणि मग सुपारी फोडू."

डॉक्टरीणबाई म्हणजे वारिजा, गेलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी. मंगळूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती मेंदूला इजा झालेल्यांना पुन्हा चालतंबोलतं करायचं काम करायची. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी तिनं मामाला खाटेच्या कडेला बसवून पाहिलं होतं, उजवा पाय हलवायला लावला होता आणि सांगितलं होतं, "तीन महिन्यांच्या आत मामा कुणाच्या आधाराशिवाय चालेल." चौऱ्याऐंशीव्या दिवशी किन्यण्णा काठी टेकत एकटे विहिरीवर गेले. सीतक्कानं दिवस मोजले होते. तेव्हापासून या घरात दैवाच्या खालोखाल कुणाचा शब्द असेल तर वारिजाचा. मूठभर पोर, पण दारात आली की म्हातारी माणसं सरकून जागा करून द्यायची. वारिजाला त्याचा मनस्वी संकोच व्हायचा.

ती आली ती साडेदहाच्या सुमारास. मामाच्या पाया पडली, त्यांच्याशी पाच मिनिटं नुसतीच बोलत बसली, खिशातलं पेन दाखवून विचारलं, किल्ली दाखवून विचारलं. मग चावडीतच बाजूला बसून पाणी प्यायली.

"हं, सांग आता," सीतक्का म्हणाली. "गाऱ्हाणं तर म्हणाला. नेमापर्यंत अजून किती सुधारेल? पूर्ण बोलेल ना?"

वारिजानं तांब्या खाली ठेवला. "थोरले आई, ते बोलणं नव्हतं."

"म्हणजे? आम्ही बहिऱ्या का सगळ्या?"

"ऐकलंत ते खरंच. पण पाठ केलेलं डोक्यात वेगळीकडे ठेवलेलं असतं. मामा तीस वर्षं तेच गाऱ्हाणं म्हणतोय. एक ते दहा आकडे, भजन, रागावल्यावरच्या शिव्या, हे सगळं आपोआप सुटतं. झटक्यात ते पुष्कळदा वाचतं. नवीन वाक्य जुळवायचं असतं ना, ते वेगळं. तिथेच मार बसलाय."

"म्हणजे कॅसेट?" भोजण्णानं विचारलं.

"तसंच समजा."

"कॅसेट!" सीतक्काचा आवाज चढला. "दैवासमोर उभा राहून माझा भाऊ बोलला आणि तुम्ही त्याला कॅसेट म्हणता? डॉक्टर झालीस म्हणून काहीही बोलशील?"

"दैवानं म्हणवलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण दैवानं गाऱ्हाणंच म्हणवलं. बाकीचं नाही."

महाबल खाली मान घालून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "वारिजा, तू चालण्याचं सांगितलंस ते दिवसावर खरं झालं. बोलण्याचंही होईल. थोडा उशीर होईल, एवढंच ना? आपण थांबू. मामा बसेल गादीवर, मी मागे उभा राहीन."

वारिजा महाबलकडे नाही, सीतक्काकडे बघत होती.

"तिसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी पाहिल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्हाला एकच सांगितली. मामाला आधाराशिवाय बसता येत होतं, पाय हलत होता, म्हणून चालेल म्हटलं. पण बोटं जराही उघडत नव्हती आणि खांदा उचलला जात नव्हता. अशा दहा जणांतल्या एखाद्याचाच हात पुन्हा कामाला येतो. ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

मागच्या अंगणात सुपारी सोलण्याचा आवाज तेवढा येत होता.

"आठ महिने," सीतक्का म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ मी त्या हाताला तेल चोळते आहे."

"माहीत आहे. म्हणूनच तोंड उघडेना. दर वेळी सांगायचं ठरवून येत होते आणि तुम्ही तेलाची वाटी घेऊन बसलेल्या दिसलात की परत जात होते. चोळण्यानं हात आखडला नाही, ते तुमचंच पुण्य. पण तो हात जेवणार नाही, थोरले आई. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

सीतक्कानं पदर तोंडाला लावला. जलजाक्षीला उंबऱ्यावरून उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण सीतक्काला ते आवडेल की नाही याची चाळीस वर्षांत तिला कधी खात्री झाली नव्हती, म्हणून ती बसूनच राहिली.

कोंडी फोडली ती भोजण्णानं. त्याला शांतता सोसतच नसे. "अरे, एवढी चर्चा कशाला? गादी ज्याची त्यालाच विचारू या!" तो उठून भावासमोर जाऊन उभा राहिला. "अण्णा, यंदा गादीवर तूच बसणार ना?"

"हो," किन्यण्णा म्हणाले.

"झालं! ऐकलंत? स्वच्छ 'हो'. महाबल, आण ती सुपारी."

सीतक्काच्या चेहऱ्यावर जीव आला. महाबलनं सुटकेचा श्वास सोडला. वारिजानं मात्र वळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे पाहिलं. ही पोरगी आपल्याला ओळखते, हे जलजाक्षीला कळलं. घरात बसून रोज किन्यण्णांना काय हवं ते शोधून काढणारी एकच बाई होती, आणि ती गप्प बसली होती.

जलजाक्षी उठली. गुडघे कुरकुरले. चावडीच्या मध्यावर यायला तिला दहा पावलं लागली, आणि ती दहा पावलं सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा तुम्ही गादीवरून उतरताय ना?"

"हो," किन्यण्णा म्हणाले.

सुपारीचा अडकित्ता महाबलच्या हातातच राहिला. किन्यण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. आपल्या तोंडून भलतंच गेलं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मान जोरजोरात हलवली, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "हो" आलं, आणि त्यांनी डाव्या मुठीनं स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली.

"कशाला छळतेस त्याला!" सीतक्का कडाडली. "चारचौघांत त्याची शोभा करायला उठलीस होय? मला कळत नाही असं समजू नकोस. गादी गेली की तो तुझा. नदीपलीकडे घेऊन जायला तू मोकळी!"

जलजाक्षीला ते लागलं. लागायचं कारण असं, की त्यात थोडं खरं होतं. चार महिन्यांपासून कधी कधी भाकरी थापताना तिच्या मनात यायचं, की आपल्या घरी असतो तर यांना उंबरे कमी ओलांडावे लागले असते, माणसांचा राबता नसता, शब्द शोधायला वेळ मिळाला असता. असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटायची.

"येतं मनात, अक्का," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण आत्ता त्यासाठी उठले नाही. नेमाच्या दिवशी पुजारी घराण्यातले दोघे भाऊ विहिरीचं भांडण घेऊन येणार आहेत. धाकटा विचारेल, विहीर माझी ना? हे म्हणतील, हो. थोरला विचारेल, मग माझी नव्हे का? हे म्हणतील, हो. पहिल्या वेळी लोक गप्प बसतील, अक्का. दुसऱ्या वेळी हसतील. यांच्यासमोर आजवर कुणी हसलेलं नाही. मला ते बघायचं नाही."

भोजण्णा परत जागेवर जाऊन बसला आणि एकदम थकल्यासारखा दिसायला लागला.

"मग करायचं काय, वहिनी?" त्यानं विचारलं. "विचारलं तरी पंचाईत, न विचारावं तरी पंचाईत."

"तोंडी विचारू नका. मी चहा आणि पेज दोन्ही समोर ठेवते. हे हात लावून दाखवतात. मग मी भांड्यांच्या जागा बदलते आणि पुन्हा विचारते. तेव्हाही तेच दाखवलं तर ते खरं. आठ महिने असंच चाललंय. लुंगी कुठली, मासा कुठला, मुलीला फोन लावू की मुलाला. एकदाही फसले नाही."

वारिजा हसली. "मामी, हे तुला शिकवलं कुणी? आम्हाला दोन वर्षं लागतात शिकायला."

"यांनी शिकवलं. पहिल्या महिन्यात तीन वेळा पेज माझ्या अंगावर फेकली."

चावडीत कुणीतरी फिसकन हसलं. किन्यण्णाही. हसणं त्यांचं पहिल्यासारखंच राहिलं होतं, सबंध.

मग भोजण्णा उठला. किन्यण्णांच्या खांद्यावरची शाल त्यानं अदबीनं काढली, घडी करून त्यांच्यासमोर डावीकडे ठेवली. महाबलच्या खांद्यावरचा मळका पंचा ओढला आणि उजवीकडे ठेवला.

"माझं काय ठेवता?" महाबल दचकला. "मामांनंतर तुम्ही आहात, तुमचा पंचा ठेवा."

"माझा ठेवून काय होणार? मी हुबळीला इडल्या विकतो. मला शुगर आहे, शब्द टाकायला उभा राहिलो तर आधी मीच पडेन." तो बोलला थट्टेनं, पण पंचा सारखा करताना त्याचा हात थोडा रेंगाळला. कधीकाळी त्यालाही ती गादी हवीशी वाटली असणार. "माझा हक्क मी सोडला, सगळ्यांसमोर सोडला. आता अण्णा बघेल."

वारिजा मामासमोर खाली बसली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामा. शाल म्हणजे गादी तुमच्याकडे. पंचा म्हणजे गादी महाबलकडे. घाई नाही."

किन्यण्णा बघत राहिले. आधी शालीकडे. ती शाल बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मामानं आजारपणात उठून बसून स्वतःच्या हातानं त्यांच्या खांद्यावर घातली होती. मग पंच्याकडे. जलजाक्षीला वाटलं, आता आपण श्वास घेतला तरी यांचं लक्ष उडेल. ते काय दाखवतील हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. शाल दाखवली असती तर ती मुकाट्यानं मागे फिरली असती आणि नेमाच्या दिवशी त्यांच्या पाठीशी उभी राहिली असती. लोक हसले असते तर त्यांच्यासोबत तेही तिनं ऐकून घेतलं असतं. विचारलं म्हणजे उत्तर मानायला हवं.

किन्यण्णांचा डावा हात वर आला, शालीवरून फिरला, काठावर बोट थांबलं. मग त्यांनी पंच्यावर हात ठेवला.

वारिजानं दोन्हींच्या जागा बदलल्या. या वेळी त्यांना वेळ लागला नाही.

"मामा, नको," महाबल म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. एवढा मोठा बाप्या, तीन मुलांचा बाप, लहान मुलासारखा रडत होता. "तुम्ही असताना मी त्या गादीला पाय लावणार नाही."

किन्यण्णांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते डाव्या हातानं उजव्या हातातली अंगठी ओढत होते. ती निघेना. बोट सुजलेलं, कातडं वर आलेलं. महाबल पुढे होईना, भोजण्णाला धीर होईना. शेवटी सीतक्काच उठली. आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. भावाचा उजवा हात तिनं रोजच्यासारखा आपल्या मांडीवर घेतला, बोटाला तेल लावलं, आणि जराही घाई न करता अंगठी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत राहिली. फिरवता फिरवता ती पुटपुटत होती, "दुखतंय का? झालं हं. झालं, बाळा." सहासष्ट वर्षांच्या भावाला ती बाळा म्हणाली. अंगठी सुटली तेव्हा तिनं ती त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

किन्यण्णांनी मूठ महाबलसमोर धरली. महाबल हात मागे बांधून उभा.

"नको म्हटलं ना, मामा. वर्षभर थांबू. पुढच्या नेमाला बघू."

आणि मग किन्यण्णा राय बोलले. "अरे रेड्या, नालायका, म्हशीच्या पोटच्या, चिखलात लोळणाऱ्या, अक्कलशून्य गोळ्या, कानफटात हवी का एक!" एका दमात, न अडखळता, गावच्या शर्यतीत हरलेल्या रेड्यांना ते तीस वर्षं शिव्या घालत आले होते त्याच चालीवर.

चावडी जी हसायला लागली ती थांबेना. "कॅसेट! कॅसेट!" भोजण्णा पोट धरून ओरडत होता. सीतक्का हसत होती आणि रडतही होती. महाबलनं डोळे पुसले, दोन्ही हात पुढे केले आणि अंगठी घेतली. नमस्कार करायला तो खाली वाकला तशी त्याच्या पाठीत किन्यण्णांचा डावा हात बसला, आशीर्वाद म्हणून जरा जोरातच.

मग किन्यण्णा उठले. कुणाचा हात घेतला नाही. काठी टेकत चावडी ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तिथल्या बाकावर बसले. जलजाक्षी त्यांच्या शेजारी बसली. दोघं एका बाकावर, सगळ्यांसमोर, असं या घरात कधी घडलं नव्हतं. तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"वारिजा," ती म्हणाली, "आता मला सगळं सांग. अर्धं नको. आणि यांच्यासमोर सांग, यांना सगळं कळतं."

वारिजानं मामाकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं खूण केली, बोल.

"चालणं टिकेल. गोळ्या चुकवल्या नाहीत तर पुन्हा झटका यायची भीती कमी होईल, जाणार नाही. हात परत यायचा नाही. बोलणं अजून वर्ष-दोन वर्षं सुधारत राहील, पण मुंगीच्या पावलांनी. मामासारख्या दहांतले सातआठ जण सुट्या शब्दांवरच थांबतात. एखाददुसरा वाक्यापर्यंत पोचतो. मामा त्यातला कोण, ते मला खरंच माहीत नाही. दहांचं सांगता येतं, मामी. एकाचं नाही सांगता येत."

"माझं नाव घेता येईल यांना?"

"आशा धरू नकोस."

जलजाक्षीनं मान हलवली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं जीभ धडधाकट होती तेव्हा कधी घेतलं? 'अगं, इकडे ये,' एवढ्यावर संसार केला. तेवढंही नसलं तरी मी येतेच की."

किन्यण्णा तिच्याकडे वळले. हसतील असं तिला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. चुकलंच ते, अशी त्यांनी मान हलवली.

एवढ्यात सीतक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तेलाची वाटी अजून तिच्या हातात होती. ती खाली ठेवून ती भुईवर बसली, मांडी घालून, अगदी वारिजा बसली होती तशी.

"आता गादी नाही तुझ्याकडे," ती भावाला म्हणाली. "इथेच राहिलास तर कुणी जा म्हणणार नाही. पण हिच्या घरी जायचं असेल तर तेही सांग. मी विचारलं नाही असं व्हायला नको." तिनं आपला डावा हात पुढे केला. "हे इथलं घर." मग जलजाक्षीचा हात मनगटाला धरून ओढून शेजारी ठेवला. "हे नदीपलीकडचं."



किन्यण्णांनी जलजाक्षीच्या हातावर हात ठेवला.

सीतक्कानं हात बदलले. आपला तिकडे, तिचा इकडे. किन्यण्णांनी पुन्हा जलजाक्षीचाच हात धरला.

"थांब, नीट बघ," सीतक्का म्हणाली आणि तिनं तिसऱ्यांदा हात बदलले. दोनदा पुरे असतं, हे तिनं मघाशीच ऐकलं होतं. कुणी तिला अडवलं नाही.

या वेळी किन्यण्णांनी आधी बहिणीचा हात घेतला. आपल्या गालाला लावला, चांगला वेळ तसाच धरून ठेवला. मग तो अलगद तिच्या मांडीवर परत ठेवला आणि जलजाक्षीचा हात हातात घेतला.

सीतक्का बसून राहिली. मग ती वाटी उचलून, गुडघ्यांवर हात टेकत उठली, आणि स्वयंपाकघरात जाता जाता, मागे न बघता जलजाक्षीला म्हणाली, "जाताना उकडे तांदूळ इथलेच ने. त्याला दुसरे गिळत नाहीत."